आधी दवाखाना, मग चौकी: लैंगिक अत्याचारानंतर मदत घ्यायचा क्रम

बहुतेक घरांत क्रम चुकतो. आधी घरात बैठक बसते. तक्रार करायची की नाही, मामांना सांगायचं की नाही, लग्न जमायचं आहे त्याचं काय, यात दोन दिवस जातात. तिसऱ्या दिवशी कुणीतरी पोलीस ठाण्यात नेतं, तिथे साहेब बंदोबस्तावर असतात. डॉक्टरांपर्यंत पोचेस्तोवर चौथा दिवस उजाडतो. तोवर एचआयव्ही रोखणाऱ्या गोळ्यांची मुदत संपलेली असते, कपडे धुऊन दोरीवर वाळत असतात आणि डॉक्टरांना नमुने घ्यायला फारसं काही उरलेलं नसतं.

औषधांचं घड्याळ तासांत चालतं. बलात्काराच्या तक्रारीला कायद्याने मुदतच नाही. म्हणून तक्रारीचा निर्णय मागे ठेवा आणि दवाखाना पुढे घ्या. खालचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत. हा लेख महाराष्ट्रातल्या व्यवस्थेसाठी आणि मुख्यतः अठरा वर्षांवरच्या स्त्रीला डोळ्यांपुढे ठेवून लिहिला आहे. लहान मुलं, पुरुष, तृतीयपंथी, नवऱ्याकडून झालेला अत्याचार आणि जुन्या घटना यांचं वेगळं काय ते शेवटच्या दोन भागांत आहे. सोबत जाणाऱ्या व्यक्तीनेही हे वाचावं, कारण निम्मी कामं तिलाच करायची असतात.

## टप्पा १: पहिला तास

आधी सुरक्षित जागी या. शेजारीण, मैत्रीण, मावशी, हॉस्टेलची रेक्टर, जिच्या घराचं दार आतून लावता येईल अशी कोणीही. धोका अजून टळला नसेल तर ११२ लावा. महिला हेल्पलाइन १८१, मुलांसाठी १०९८.

एकाच माणसाला सांगा आणि त्यालाच सोबत घ्या. चारचौघांना सांगितलं की चार सल्ले येतात आणि प्रत्येकाला तीच हकीकत पुन्हा सांगावी लागते. सोबतीची निवड करताना नात्यापेक्षा स्वभाव पाहा. संतापून आरोपीच्या दारात जाणारा भाऊ त्या रात्री कामाचा नाही. शांतपणे फाइल सांभाळणारी मैत्रीण कामाची.

मग हे टाळा: आंघोळ, कपडे बदलून धुणं, गुळण्या, दात घासणं, केस विंचरणं, नखं कापणं. लघवी रोखून धरणं शक्य नसेल तर जा, फक्त पुसलेला कागद किंवा कापड फेकू नका. कोल्ड्रिंकमधून किंवा खाण्यातून काही गुंगीचं दिल्याचा संशय असेल तर ती पहिली लघवी स्वच्छ बाटलीत धरून सोबत न्या. असे अंश शरीरातून भराभर निघून जातात.

कपडे बदलावेच लागले तर अंगावरचा प्रत्येक कपडा वेगवेगळ्या खाकी कागदी पिशवीत ठेवा. सॅनिटरी पॅडसुद्धा. ओले असतील तर सावलीत वाळवून मग ठेवा.

इशारा: प्लास्टिकची पिशवी नको. आत ओल धरते, बुरशी येते आणि डाग तपासण्यालायक राहत नाहीत. घरोघरी नेमकी कॅरीबॅगच हाताशी असते, म्हणून हे मुद्दाम सांगतो आहे.

हेही लक्षात ठेवा: आंघोळ झाली, कपडे धुतले, म्हणून "आता काय उपयोग" असं म्हणून घरी बसू नका. गोळ्या तरीही मिळतात, जखमा तरीही नोंदवल्या जातात आणि धुतलेल्या कपड्यांवरही कधी कधी अंश सापडतात. धुतले आहेत एवढं डॉक्टरांना खरं सांगायचं.

निघताना पिशवीत काय हवं: अंगात घालायला एक पूर्ण जोड (अंगावरचे कपडे दवाखाना ठेवून घेतो, आणि परकरावर गाऊन चढवून परत येण्याची वेळ येऊ नये), ओळखपत्र, मोबाइल व चार्जर, वही-पेन, नेहमीची औषधं. आधार कार्ड सापडत नसेल तर शोधत बसू नका. त्यावाचून उपचार अडत नाहीत.

## टप्पा २: दवाखान्याच्या दारात

सरकारी दवाखाना बरा: मेडिकल कॉलेज, सिव्हिल, उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालय, महापालिकेचं रुग्णालय. नमुने घ्यायचं किट, नोंदीचा ठरलेला फॉर्म आणि एचआयव्हीच्या गोळ्या तिथे मिळण्याची शक्यता जास्त. मुंबईत पालिकेच्या काही रुग्णालयांत 'दिलासा' केंद्र आहे. त्याची सुरुवात वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात झाली. तिथे समुपदेशक भेटतात, त्यांना आधी गाठलं तर पुढचं बरंच सोपं जातं. जिल्ह्याच्या ठिकाणी 'सखी' वन स्टॉप सेंटर असतं. उपचार, पोलीस, वकील, समुपदेशन आणि पाच दिवसांपर्यंत तात्पुरता निवारा यांची सोय तिथून लागते. १८१ वर पत्ता विचारा.

जवळ फक्त खासगी दवाखाना असेल तर तिथे जा. बलात्कार आणि लहान मुलांवरील अत्याचाराच्या बाबतीत सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने तातडीचे उपचार मोफत द्यायचे असतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९७ तसं सांगतं. न देणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम २०० खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

कॅज्युअल्टीच्या खिडकीवर रांग असते, मागे लोक उभे असतात आणि केस पेपर काढणारा मोठ्याने विचारतो, "काय होतंय?" तिथे सगळं सांगायची गरज नाही. सोबतीने पुढे होऊन हळू आवाजात एवढंच म्हणावं: "लैंगिक अत्याचाराची केस आहे. ड्युटीवरच्या डॉक्टरांशी आत बोलायचं आहे." चिठ्ठीवर लिहून सरकवलं तरी चालतं.

पुढचा अडथळा ठरलेला: "आधी एफआयआर घेऊन या." हे चूक आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार उपचार आणि तपासणी दोन्ही एफआयआरविना होतात. भांडू नका, एकच वाक्य म्हणा: "तपासणीला एफआयआर लागत नाही. नाही म्हणायचं असेल तर कारण लिहून सहीशिक्क्यानिशी द्या." लिहून द्यायची वेळ आली की बहुधा वरिष्ठांना फोन जातो आणि काम पुढे सरकतं.

रुग्णालय पोलिसांना कळवतं, ते त्यांचं कायदेशीर काम आहे. त्याला ते एमएलसी करणं म्हणतात. घाबरू नका. प्रौढ व्यक्तीला पोलीस आले म्हणून जबाब द्यायची सक्ती नाही. "मला सध्या तक्रार द्यायची नाही, उपचार हवे आहेत" असं सांगा आणि तशी नोंद कागदावर करून घ्या. पुढे मन बदललं तर दार उघडंच आहे.

## टप्पा ३: तपासणी आणि औषधं

या टप्प्यावर जास्त वेळ घालवा. पुढे दुरुस्त न होणाऱ्या चुका इथेच होतात.

संमती. फॉर्मवर उपचार, शारीरिक तपासणी आणि नमुने घेणं अशा बाबी असतात. प्रत्येकीला स्वतंत्रपणे हो किंवा नाही म्हणता येतं. उपचार घ्या आणि नमुन्यांना नकार द्या, असंही चालतं. नकार दिला म्हणून औषधं अडवता येत नाहीत. मध्येच नको वाटलं तर "थांबा" म्हणायचा हक्क आहे. स्त्री डॉक्टर मागा. खोलीत पोलीस नकोत, तुमची सोबतीण मात्र चालते.

हकीकत. डॉक्टर काय घडलं ते विचारतात आणि त्यावरून कुठले नमुने घ्यायचे ते ठरवतात. म्हणून लाज बाजूला ठेवून शरीराच्या कोणत्या भागाशी काय झालं ते सांगा. धमकी दिली का, निरोध वापरला का, नंतर आंघोळ किंवा लघवी केली का हेही सांगा. आठवत नसेल तर "आठवत नाही" म्हणा. अंदाजाने भरलेली जागा पुढे कोर्टात उलटतपासणीत अडचणीची ठरते. अंगावर जखमा नाहीत म्हणून गप्प बसू नका. पुष्कळ वेळा शरीर भीतीने ताठरतं, प्रतिकार होत नाही, जखमा होत नाहीत. कायदाही प्रतिकार न करणं म्हणजे संमती असं मानत नाही.

नमुने. घटनेनंतर ९६ तासांपर्यंत म्हणजे चार दिवसांपर्यंत घेतले जातात. जितकं लवकर तितकं बरं. जखमांची नोंद मात्र नंतरही होते. मुका मार दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी निळा पडतो, तेव्हा नवा डाग दिसला तर परत जाऊन तो लिहवून घ्या.

इशारा: दोन बोटांची चाचणी बेकायदा ठरलेली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ती पीडितेच्या खासगीपणाचा भंग करणारी ठरवली आणि ३१ ऑक्टोबर २०२२ च्या निकालात ती करणारा गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल असं बजावलं. "शरीरसंबंधांची सवय आहे" असा शेराही मारता येत नाही. अशी चाचणी सुरू होतेय असं वाटलं तर स्पष्ट नाही म्हणा.

औषधं. आता मुख्य गोष्ट.

गर्भधारणा रोखणारी गोळी (लिव्होनॉर्जेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम) ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी जास्त उपयोगी. दवाखाना दूर असेल तर औषधाच्या दुकानात चिठ्ठीविना मिळते, ती आधी घेऊन मग निघा. घेतल्यावर दोन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. ७२ तास उलटले असतील तरी पाच दिवसांपर्यंत डॉक्टरांकडे उपाय असतो, तांबी बसवणं हा त्यातला एक.

एचआयव्ही रोखणाऱ्या गोळ्या, पेप, ७२ तासांच्या आत सुरू झाल्या पाहिजेत. रक्ताच्या रिपोर्टसाठी पहिला डोस थांबवायचा नसतो. कोर्स २८ दिवसांचा असतो. इथली नेहमीची चूक अशी की रात्री कॅज्युअल्टीतून थोड्याच दिवसांच्या गोळ्या हातात मिळतात, उरलेल्या एआरटी केंद्रातून (एचआयव्हीची औषधं देणारं सरकारी केंद्र) घ्यायच्या असतात, ते कुणी नीट सांगत नाही आणि कोर्स अर्धवट सुटतो. निघण्यापूर्वी विचारा: उरलेल्या गोळ्या कुठे, कोणत्या तारखेला, कोणत्या खिडकीवर? मळमळ झाली तर डॉक्टरांना सांगा, स्वतःहून बंद करू नका.

याशिवाय इतर लैंगिक आजारांसाठी प्रतिजैविकं, हिपॅटायटिस बीची लस (पुढचे डोस एक आणि सहा महिन्यांनी), जखम असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन. ही नावं वहीत लिहून न्या आणि एकेक विचारा. मध्यरात्रीच्या ड्युटीवर एखादं राहून जातं.

निघण्यापूर्वी तपासा:
- केस पेपर आणि एमएलसी नंबर लिहून घेतला का?
- तपासणी अहवालाची प्रत मिळाली का? ती मोफत मिळते. आज नसेल तर कधी, हे लिहून घ्या.
- घेतलेले नमुने आणि कपडे यांची यादी प्रतीत आहे का? पाकिटं तुमच्यासमोर सील झाली का?
- पुढच्या तारखा: गोळ्या, लस, पाळी चुकली तर गर्भचाचणी, सहा आठवडे आणि तीन महिन्यांनी एचआयव्ही तपासणी.

दिवस राहिलेच तर कायद्याने २४ आठवड्यांपर्यंत गर्भपात करता येतो (वीस आठवड्यांनंतर दोन डॉक्टरांचं मत लागतं). प्रौढ स्त्रीला नवऱ्याची किंवा आईवडिलांची सही लागत नाही. तक्रार दिली असेल किंवा द्यायचा विचार असेल तर डीएनएसाठी नमुना जपून ठेवायला डॉक्टरांना आधीच सांगा. नंतर सांगून उपयोग नाही.

## टप्पा ४: पुरावा जपणं

पोलिसांकडे जायचं ठरलं नसलं तरी हे करून ठेवा.

व्हॉट्सॲपवरचं संभाषण, कॉल लॉग, लोकेशन, रिक्षाची किंवा कॅबची पावती, हॉटेलचं बिल, काहीच डिलीट करू नका. राग येतो, त्याचा नंबर दिसला की पोटात ढवळतं, आणि पहिली गोष्ट होते ती ब्लॉक करून चॅट उडवण्याची. ब्लॉक खुशाल करा, चॅट ठेवा. स्क्रीनशॉटमध्ये नंबर, तारीख, वेळ दिसली पाहिजे. नाव सेव्ह असेल तर त्यामागचा नंबर दिसणारा वेगळा शॉट घ्या. मूळ फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. कोर्टात मूळ उपकरणाला वजन असतं.

त्याने नंतर "सॉरी" म्हणून मेसेज टाकला असेल तर तो सोन्यासारखा जपा.

सीसीटीव्हीचं चित्रण आपोआप पुसलं जातं. सोसायटी, लॉज, दुकान, जिथे कॅमेरा असेल तिथल्या व्यवस्थापकाला चित्रण राखून ठेवायला लेखी सांगा आणि पोलिसांना पहिल्याच दिवशी तो कॅमेरा दाखवा.

फोटो किंवा व्हिडिओ पसरवायची धमकी असेल तर पैसे देऊ नका. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. स्त्रिया आणि मुलांच्या बाबतीत तिथे नाव न देताही कळवता येतं. फोन नंबर १९३०. ज्या ॲपवर चित्र पडलं त्याच्याकडेही तक्रार टाका. नग्न किंवा लैंगिक चित्रांबाबत तक्रार आल्यापासून दोन तासांत कारवाई करायचं बंधन त्यांच्यावर आहे. मात्र तक्रार करण्याआधी लिंक आणि स्क्रीनशॉट घेऊन ठेवा.

इशारा: तिचं नाव, फोटो, घराचा पत्ता व्हॉट्सॲप ग्रुपवर किंवा चौकातल्या बॅनरवर टाकू नका, "न्याय मिळालाच पाहिजे" म्हणूनही नाही. ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद. तो नातेवाइकांनाही लागू आहे आणि उत्साही कार्यकर्त्यांनाही.

## टप्पा ५: तक्रार

जाण्यापूर्वी एक पान लिहा, तुमच्या बोलीत. तारीख, साधारण वेळ, जागा, कोण कोण होतं, काय झालं, तुम्ही काय म्हणालात, तो काय म्हणाला, नंतर कुणाला सांगितलं. उशीर झाला असेल तर का, ते खरं लिहा: धमकी होती, भीती होती, आई दवाखान्यात होती.

आणि अडचणीचं वाटतं ते आधीच लिहा. त्याच्याशी ओळख होती, पूर्वी संबंध होते, त्या रात्री बियर घेतली होती, स्वतःच्या पायाने त्याच्या खोलीवर गेला होतात. यातलं काहीही संमती ठरत नाही. पण लपवलेली गोष्ट बचावाचा वकील दोन वर्षांनी बाहेर काढतो तेव्हा खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो. "हे नको सांगूस" असा सल्ला घरचे देतात. तो ऐकू नका.

कोणत्याही ठाण्यात जा. "हद्द आमची नाही" हे उत्तर चालत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा शून्य क्रमांकाने नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवायचा असतो. जबाब स्त्री अधिकाऱ्यानेच घ्यायचा. अपंग किंवा मनोरुग्ण व्यक्तीचा जबाब घरी किंवा तिच्या सोयीच्या जागी, गरजेप्रमाणे दुभाषा किंवा विशेष शिक्षकाच्या मदतीने आणि चित्रीकरण करून घ्यायचा. ऑनलाइन माहिती दिली तर तीन दिवसांत सही करावी लागते.

ठाण्यात तीन सापळे नेहमीचे.

पहिला, एनसी. "एनसी घेतो, त्याला बोलावून समज देतो." एनसी अदखलपात्र गुन्ह्यांची असते. बलात्कार, विनयभंग, पाठलाग (पहिल्या वेळचा पाठलागसुद्धा) हे दखलपात्र आहेत, तिथे एफआयआरच.

दुसरा, तक्रार अर्ज. "अर्ज द्या, चौकशी करतो." आवक शिक्का मारून पोच मिळते आणि माणसं खूश होऊन घरी जातात. ती पोच म्हणजे एफआयआर नव्हे. एफआयआरला गुन्हा रजिस्टर नंबर असतो, कलमं असतात, तारीख-वेळ असते.

तिसरा, भाषा. तुम्ही सांगता, "मी नको नको म्हणत होते, त्याने तोंड दाबलं, दार आतून लावलं होतं." टाइप होतं, "सदर इसमाने माझ्याशी शारीरिक संबंध ठेवले." नको म्हणणं गेलं, तोंड दाबणं गेलं, दार गेलं. ठाणे अंमलदार दर वेळी मुद्दाम करतो असं नाही, त्याची लिहायची सवयच ती. पण पुढे खटला या कागदावर उभा राहतो. म्हणून सही करण्यापूर्वी पूर्ण वाचा, वाचता येत नसेल तर वाचून घ्या, आणि तुमचे शब्द जसेच्या तसे घालायला लावा. रात्रीचा एक वाजला असेल, सगळे कंटाळले असतील, तरी.

सहीपूर्वी तपासा: सगळे आरोपी आले का (अनोळखी असेल तर वर्णनासह)? धमकीचा उल्लेख आहे का? उशिराचं कारण आहे का? साक्षीदार? एमएलसी नंबर? तुम्ही अनुसूचित जाती-जमातीच्या असाल आणि आरोपी नसेल तर दोघांच्या जातीची नोंद झाली का? ही ओळ राहिली की ॲट्रॉसिटीचं कलम लागायला उशीर होतो. ते लागलं की तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जातो.

एफआयआरची प्रत मोफत, तिथल्या तिथे.

नोंदवून घेतच नसतील तर पोलीस अधीक्षक किंवा शहरात आयुक्तालयाला लेखी, स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. तरीही हालचाल नसेल तर वकिलामार्फत मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. बलात्कारासारख्या गुन्ह्याची नोंद टाळणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यावर स्वतःवरच न्याय संहितेच्या कलम १९९ खाली गुन्हा होतो, किमान सहा महिने सक्तमजुरी. हे वाक्य सौम्य आवाजात म्हटलं तर जास्त परिणाम होतो, असा माझा अनुभव आहे.

इशारा: गावकीत, जातपंचायतीत किंवा तंटामुक्तीच्या बैठकीत हे मिटवू नका. बलात्काराचा गुन्हा तडजोडीने मिटवता येत नाही. शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर "आपसात मिटलं" असं लिहून घेतलेल्या सह्या गुन्हा संपवत नाहीत, उलट तुमच्याविरुद्ध वापरल्या जातात. "तोच लग्न करायला तयार आहे" हाही त्यातलाच प्रकार.

## टप्पा ६: गुन्हा नोंदल्यानंतर

वैद्यकीय तपासणी झाली नसेल तर पोलिसांनी माहिती मिळाल्यापासून २४ तासांत तुम्हाला डॉक्टरांकडे पाठवायचं असतं. झाली असेल तर पहिल्या अहवालाचा नंबर दाखवा, पुन्हा सगळ्यातून जायची गरज नाही. डॉक्टरांचा अहवाल सात दिवसांत तपास अधिकाऱ्याकडे जायला हवा.

मॅजिस्ट्रेटपुढे जबाब होतो. जुने लोक त्याला अजून "एकशे चौसष्टचा" म्हणतात, आता तो नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली. शक्यतो स्त्री मॅजिस्ट्रेट घेतात. जाण्याच्या आदल्या रात्री घरच्यांनी पाठ करून घेऊ नये. पाठ केलेला जबाब लगेच ओळखू येतो. एफआयआरमध्ये काही राहिलं असेल तर इथे सांगता येतं.

वकील मोफत मिळतो. स्त्री किंवा बालक असणं एवढीच अट, उत्पन्नाचा दाखला नको. प्रत्येक जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, फोन १५१००. खटला सरकारी वकील चालवतो, पण त्याच्या मदतीला तुमचा वकील उभा करता येतो, जामिनाच्या वेळी तुमचं म्हणणंही मांडता येतं. आरोपी सुटून आला आणि दारावरून घिरट्या घालतो, तर प्रत्येक वेळी तारीख-वेळ लिहून तपास अधिकाऱ्याला लेखी द्या. जामीन रद्द करायला हेच कागद लागतात.

मनोधैर्य ही पीडितेला आर्थिक मदत देणारी राज्य सरकारची योजना. तिचा अर्ज त्याच विधी सेवा प्राधिकरणाकडे. रक्कम घटनेच्या स्वरूपावर ठरते, कमाल दहा लाखांपर्यंत. काही भाग लगेच मिळतो, उरलेला बहुधा मुदत ठेवीत. एफआयआर, वैद्यकीय कागद, बँक पासबुक लागतं. खाते शक्यतो तुमच्या एकटीच्या नावावर असावं. निकाल लागेपर्यंत थांबायची गरज नाही, आणि "मिळवून देतो" म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपयाही देऊ नका.

बलात्काराचा तपास दोन महिन्यांत संपवायचा असतो आणि नव्वद दिवसांत प्रगती पीडितेला कळवायची असते. कळवत नसतील तर लेखी विचारा. खटला बंद दालनात चालतो.

या सगळ्या धावपळीत मनाचं काम मागे पडतं. झोप न लागणं, एखाद्या वासाने दचकणं, काहीच न वाटणं, भलत्या वेळी हसू येणं, हे सगळं होतं. महिनाभराने कमी होत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. टेलि-मानस १४४१६ मोफत आहे, मराठीत बोलता येतं. जीव द्यावासा वाटत असेल तर महिना मोजू नका, आजच बोला, आणि सोबतीने तिला एकटं ठेवू नये.

## मूल असेल तर

अठरा वर्षांखालच्या मुलामुलींना पॉक्सो कायदा लागू, मुलग्यांनाही. इथे एक मोठा फरक: ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. त्यामुळे "कळवू नका" हा पर्याय डॉक्टरांकडे नसतो.

मूल सांगेल तेव्हा ऐका, "तू का गेलीस?" विचारू नका, आणि काकू, आत्या, शाळेच्या बाई यांच्यापुढे पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका. त्याचे शब्द आहेत तसे लिहून ठेवा. जबाब घरी किंवा मुलाला आवडेल त्या जागी होतो. अधिकारी साध्या कपड्यांत, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाची स्त्री, आणि विश्वासातला माणूस शेजारी. मुलीची तपासणी स्त्री डॉक्टरच करते. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. २४ तासांत बालकल्याण समितीला कळवलं जातं. आरोपी घरातलाच असेल तर समितीकडून निवाऱ्याची सोय मागा, आणि मदतनीस व्यक्ती नेमायला सांगा. ती खटला संपेपर्यंत सोबत असते.

## वेगळ्या वाटा

नवरा असेल तर. अठरा वर्षांवरच्या पत्नीबाबत सोबत राहणाऱ्या नवऱ्यावर बलात्काराचं कलम लागत नाही. म्हणून पर्याय नाही असं नव्हे. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ मध्ये लैंगिक छळ स्पष्टपणे येतो. संरक्षण अधिकाऱ्याकडे जा, संरक्षणाचा आदेश, घरात राहण्याचा हक्क, पोटगी मागता येते. मारहाण आणि क्रूरतेचा गुन्हा वेगळा. वेगळं राहत असाल तर नवऱ्यावरही न्याय संहितेचं कलम ६७ लागतं. टप्पा १ ते ३ मध्ये काहीच बदलत नाही.

पुरुष आणि तृतीयपंथी. प्रौढ पुरुषाला आज बलात्काराचं कलम उपलब्ध नाही, ही कायद्यातली मोठी भोकं आहेत. मारहाण, डांबून ठेवणं, धमकी ही कलमं लागतात. तृतीयपंथी व्यक्तींसाठी २०१९ च्या कायद्यात लैंगिक अत्याचाराचा गुन्हा आहे, शिक्षा मात्र तोकडी. दवाखान्यात मात्र उपचार, गोळ्या आणि सन्मानाने तपासणी यांचा हक्क सगळ्यांना सारखा, आणि पेपची गरजही तितकीच.

कामाच्या ठिकाणी. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या जागी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असते, नसेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती. घरकाम करणाऱ्या बाईंनाही तिथे जाता येतं. समितीकडे जायची मुदत तीन महिने, सबळ कारण असेल तर आणखी तीन. समितीकडे गेलात म्हणून पोलिसांचा रस्ता बंद होत नाही. एचआर "आधी समितीचा निकाल येऊ द्या" म्हणेल, त्यावर थांबू नका.

घटना जुनी असेल तर. बलात्कारासारख्या गंभीर गुन्ह्याला मुदतीचं बंधन नाही, दहा वर्षांनीही एफआयआर होतो. नमुने मिळणार नाहीत, म्हणून तेव्हा कुणाला सांगितलं होतं ते शोधा: मैत्रीण, डॉक्टर, डायरी, जुना मेसेज. घटना १ जुलै २०२४ पूर्वीची असेल तर कलमं जुन्या भारतीय दंड संहितेची लागतील, ठाण्यात त्यावरून गोंधळ झाला तर तारीख दाखवा. आणि पोलिसांकडे जायचं नसेल तरी रक्ताच्या तपासण्या एकदा करून घ्या. जवळच्या सरकारी दवाखान्यातल्या आयसीटीसीत (समुपदेशन आणि तपासणी केंद्रात) एचआयव्हीची तपासणी मोफत होते आणि कारण सांगावं लागत नाही.